पांढरी चिठ्ठी

नाही, नाही — 'नुकसान' नको लिहू. नुकसान काचेच्या गिलासाचं होते. 'सत्यानाश' लिही. — काय? अर्जात चालत नाही? काहून नाही चालत, झाला तो सत्यानाशच झाला ना. बरं, तुह्या कायद्यानं लिही, पण शब्द जोराचा पाहिजे. ग्राहक कोर्टातल्या साहेबाले पहिल्या ओळीतच समजलं पाहिजे का प्रताप नगरच्या गॅरेजवाल्यानं माही फियाट मारून टाकली. मारूनच टाकली. इंजिनातलं तेल काढून टाकलं, नवं भरलं नाही, गाडी तशीच उभी ठेवली — मी चालू केली, इंजिन जाम. खलास. नाव घातलं वर? रामाजी धोंडबाजी ठवकर. वय चौऱ्याहत्तर. रिटायर फिटर, खापरखेडा वीज केंद्र, टर्बाइन सेक्शन. हेल्पर नको लिहू. लागलो हेल्पर, पण निघालो फिटर म्हणून. — मी वाचून पाहू? नाही, तूच वाच, चष्मा घरी राहिला माहा. हा? हा खिशातला दूरचा आहे. दूरचं पाह्याचा. तू वाच, पोरी, तुहा आवाज चांगला आहे.

त्या कोर्टाच्या गेटापाशी मोठ्या बोर्डवाला टायपिंगवाला बसते ना, त्याच्याकडे नाही गेलो मी. तिथं सात-आठ जण भोवताल उभे राहतात, एकाचा अर्ज सगळे ऐकतात. तू या झाडाखाली एकटी बसून होती, म्हटलं हीच बरी. माह्या पोरीएवढी, हर्षाएवढी असन तू. — हो, हो, गाडीचं सांगतो. बाहत्तरची फियाट. पारशिवनीले प्रयागच्या चुलत्याच्या गोठ्यात उभी होती — प्रयाग म्हणजे माही घरवाली. उभी काय, बसली होती. चारही चाकं मातीत गेलेली, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी देत होत्या. चुलता म्हणे, जावईबापू, भंगारवाला येऊन राहिला उद्या. मी म्हटलं, भंगारवाल्याले सांगा, जावईच भंगारवाला झाला. ट्रॅक्टरले बांधून आणली. सहा वर्ष लागले, सहा. खालचा पत्रा सडून गेला होता, नवा पत्रा मी स्वतः हातोडीनं ठोकून बसवला. वॉल्व मी घासले, कार्बोरेटर मी खोललं, एक-एक नट रॉकेलमध्ये धुतला. रंग पहिले होता तोच दिला, दुधाच्या सायीसारखा. प्रयागनं सहा वर्ष माह्या कपड्यातलं ग्रीस काढलं अन् सहा वर्ष बडबडली, अन् ज्या दिवशी इंजिन पहिल्यांदा चालू झालं त्या दिवशी तिनंच नारळ आणला. शिलाई मशीन चालते ना, तसं चालत होतं. रस्त्यावर पोट्टे फोटो काढत. एक जण लग्नाले मागाले आला, नवरदेवासाठी. म्हटलं घोडी कर बाप्पा, माही गाडी वरातीची नाही. — हे नाही लिहायचं? मंग लिहू नको, पण सांगावं तं लागते. त्याशिवाय तुले कसं समजन काय गेलं ते.

आता विरुद्ध पार्टी. पहिलं नाव मालकाचं, अनंत. दुसरं मिस्त्रीचं, अंकुश. आडनाव — पाहा, अकरा वर्षापासून ओळखतो त्याले अन् आडनाव माहीत नाही. — मिस्त्रीचं नाव टाकावं लागत नाही? मालकावरच होते तक्रार? बरं मंग. नको टाकू. नकोच टाकू त्याचं. त्याले तसंही काढून टाकलं अनंतनं, सोमवारीच. अकरा वर्ष त्याच गॅरेजवर होता, चाळीस-बेचाळीसचा माणूस, पोरगी दहावीत आहे त्याची, रितिका. हात चांगला. खोटं काहून बोलू, हात चांगलाच आहे. माह्या फियाटच्या पुढच्या दिव्याची रिंग मले कुठंच नव्हती भेटत, कबाड्यांचा बाजार पालथा घातला मी — त्यानं कुठून तरी आणून दिली. सुट्टीच्या दिवशी घरी येऊन दाराचं अस्तर बसवून दिलं. पैसे देत होतो, घेतले नाही. म्हणे काका, अशा गाडीले हात लावाले भेटला तेच बहुत झालं. आता खामल्याच्या दोन गॅरेजवर गेला म्हणते कामासाठी, कोणी उभं केलं नाही. अनंतनं फोन करून सांगून ठेवलं सगळ्याइले — बिना तेलाची गाडी देणारा मिस्त्री. मिस्त्रीचं नाव एकदा असं गेलं का —

हं. कुठं होतो? तारीख. गाडी टाकली शुक्रवारी. चेंबरच्या पॅकिंगमधून तेल गळत होतं — चेंबर म्हणजे इंजिनाच्या खाली तेलाची परात असते ती. थेंब-थेंब गळे. अंगणात डाग पडे. अंकुश म्हणे, काका, शनिवारी संध्याकाळी घेऊन जा. शनिवारी गेलो नाही, मले रविवारी सकाळीच पाहिजे होती. — ताबा? ताबा कोणी दिला म्हणजे? रविवारी गॅरेज बंद राहते. गाडी बाहेरच्या शेडमध्ये उभी होती. दुसरी चाबी माह्यापाशी असतेच. माही गाडी, माही चाबी, विचारायचं कोणाले? — फोन? त्यानं शनिवारी रात्री दोनदा फोन केला म्हणते. मी आठले झोपतो, फोन बंद करून झोपतो. चौतीस वर्ष शिफ्ट केली, आता तरी झोपू देशीन का नाही? हे पण नको लिहू. तू फार विचारते वं.

रविवारी काहून पाहिजे होती — प्रयाग येणार होती म्हणून. हर्षाच्या बाळंतपणाले पुण्याले गेली होती, दोन महिने. दोन महिने घरात मी एकटा. स्वयंपाकाचं काही नाही, भात-वरण येते मले. पण घरात कागदाची थप्पी लागली होती. लाइटबिल, पेन्शनच्या बँकेचं काहीतरी, लग्नाच्या पत्रिका — सगळं बिस्किटाच्या डब्यात टाकून ठेवलं, म्हटलं ती आली का वाचन. — म्हणजे, तिले हौस आहे वाचायची. सातवी शिकली ती, त्या काळातली सातवी. मले कुठं वेळ राहते. लिहून तं नाही राहिली ना तू हे? बोटं काहून चालून राहिली तुही मंग? खोड ते. खोडलं? बरं.

तं म्हटलं, या वेळी तिले स्टेशनवर आणाले फियाट घेऊन जातो. सांगितलं नव्हतं तिले. पांढरा सदरा घातला, धुतलेला. साडेसहाले शेडमध्ये गेलो, कपडा मारला, बसलो, चालू केली. पहिल्या सेल्फमध्ये चालू. रोज मी पहिले तेलाची काडी काढून पाहतो — काडी असते एक, ती काढली का तेल किती आहे ते दिसते. रोज पाहतो. आंघोळीवाणी. त्या दिवशी नाही पाहिली. गाडी पावणेआठची होती, अन् मले प्लॅटफॉर्मवर आधी जाऊन उभं राह्याचं होतं. तू टाइप करू नको, मी सांगून राहिलो फक्त. वर्धा रोडले लागलो, रहाटे कॉलनीच्या चौकात खडखड सुरू झाली, मंग एक आवाज आला — टर्बाइनचं बेरिंग बसलं का येते तसा, पोटात येणारा — अन् बंद. मेट्रोच्या खांबाखाली उभी. मागून सगळे हॉर्न मारून राहिले. एक स्कूटीवाली बाई थांबली, म्हणे आजोबा, पेट्रोल संपलं का? म्हटलं हो. काय सांगू तिले.

प्रयाग स्टेशनवर एक तास बॅगेवर बसून होती. ऑटोनं आली शेवटी. बॅग ठेवली अन् बिस्किटाचा डबा घेऊन कागदं वाचत बसली. भांडली असती तं बरं झालं असतं.

सोमवारी गेलो गॅरेजवर. आठ-दहा गिऱ्हाईकं होते. मी काही शिवी नाही दिली, माह्या तोंडात शिवी नाही. पण बोललो. असा बोललो का चहावाला चहा ओतायचा थांबला. अंकुश गाडीखालून निघाला, हात पुसत. म्हणे काका, तुमी गाडी नेली? मी तं स्टिअरिंगले चिठ्ठी बांधून ठेवली होती. मी म्हटलं, कायची चिठ्ठी? चिठ्ठी-बिठ्ठी काही नव्हती. सगळ्याइसमोर म्हटलं. त्यानं पुन्हा नाही सांगितलं. एकदाच सांगितलं. माह्याकडे पाहिलं, अन् मंग खाली पाहिलं. अनंत म्हणे, ठवकर काका खोटं बोलणारा माणूस नाही, अर्धं प्रताप नगर ओळखते त्याईले. म्हणे अंकुश, तुहा हिशेब करून घे.

— काय म्हणते? होती का नव्हती?

तू वकील आहे का टायपिंगवाली?

होती. एक कागद होता. सुतळीनं बांधलेला, पांढरा, चौघडी घातलेला. मले वाटलं मजुरीची पावती असन. पावती लोकं बांधतातच ना. सोडली अन् खिशात टाकली. तो कागद — हा पाहा. आहे माह्यापाशी. घामानं थोडा मऊ झाला. पाहा बरं, अर्जाले जोडावं लागते का हा. कामाचा नसन तं फेकून दे. पाहा.

काय झालं?

वाच ना. माह्याकडे नको पाहू, कागदाकडे पाहा. मोठ्यानं वाच. इथं कोणी नाही ऐकाले.

'रामाजी काका, इंजिनात तेल नाही. गाडी चालू करू नका. पॅकिंग सोमवारी येते. अंकुश.' — असंच लिहून आहे? त्यात आणखी काही नाही? पुन्हा वाच. — 'रामाजी काका.' नावानं लिहिलं त्यानं. अन् या दोन लाइना कशाखाली मारल्या? — 'चालू करू नका'खाली. हं. दोन लाइना. चांगलं ठळक लिहिलं. कोणालेही दिसन असं.

लाल पाहिजे होतं. तू नको सांगू मले, मी सांगतो तुले. लाल कार्ड पाहिजे होतं. आमच्या प्लांटमध्ये ज्या वॉल्वले हात लावायचा नाही त्यावर लाल कार्ड लटकून राहे. त्यावर काहीही लिहून असो, कोणीही लिहिलं असो, लाल म्हणजे लाल, हात लावायचा नाही. चौतीस वर्षात मी लाल कार्डाच्या वॉल्वले बोट नाही लावलं. एकदा इंजिनियर म्हणे, खोल रामाजी, काही नाही होत. मी म्हटलं, साहेब, पहिले कार्ड काढून आणा. अन् त्या दिवशी तिकडून वाफ सुरू होती. दोन माणसं वाचली. साहेबानं सगळ्याइसमोर पाठ थोपटली माही. अंकुशनं लाल कपडा बांधला असता ना स्टिअरिंगले, नुसती लाल चिंधी, तं मी गाडीत बसलोच नसतो. पांढरा कागद कोण बांधते? सांग मले. पांढरा कागद म्हणजे काय समजावं माणसानं?

वाचावं.

हो. तू नाही बोलली, मीच बोललो.

दिवा लागला होता, पोरी. फियाटमध्ये समोर तेलाचा एक बारीक दिवा आहे. तेल नसलं का लागते. अजनी चौकाच्या आधीच लागला. लालच आहे तो. मी पाहिला. म्हटलं वायर ढिली असन, पावणेआठची गाडी आहे. चौतीस वर्षानंतर लाल पाहून पुढं गेलो मी. हे कोणाले नाही सांगितलं. प्रयागले नाही, अनंतले नाही.

अन् त्याले काय माहीत राहणार? अंकुशले. मी कोणालेच कधी सांगितलं नाही. गॅरेजवर गेलो का बाकड्यावर पेपर उघडून बसत होतो. फोटो पाहून पान पलटवाचं, थोडा वेळ थांबाचं, मान हालवाची. तो गाडीखालून विचारे, काका, काय म्हणते आजचा पेपर? मी म्हणे, काय म्हणन, चोर आहेत सगळे. ते कोणत्याही दिवशी चालते. अकरा वर्ष पेपर वाचणारा माणूस पाहिला त्यानं. तं चिठ्ठीच लिहिन ना तो. पेपर घेऊन बसलो नसतो तं त्यानं चिंधी बांधली असती, चाबीच लपवली असती, शेडमध्ये माणूस बसवला असता. मीच शिकवलं त्याले, या माणसासाठी लिहून ठेवलं तं पुरते.

प्रयागले माहीत आहे, दुसऱ्या कोणाले नाही. हर्षाले पण नाही. लग्न झालं तेव्हा महिन्याभरात समजलं तिले, तिनं कधी शब्दानं नाही म्हटलं. प्लांटचं सर्क्युलर आलं का मी खिशात घालून घरी आणे, रात्री ती वाचे, सकाळी मले सगळं पाठ. ड्यूटीवर दुसऱ्याइले मीच समजावून सांगे. सही तिनंच शिकवली. फिटरची परीक्षा हातानं दिली, तोंडानं दिली. खोटं नाही बोललो कधी, कोणी विचारलंच नाही. सोमवारी विचारलं. सोमवारी पहिल्यांदा बोललो खोटं. पण तेव्हा मले खरंच माहीत नव्हतं कागदावर काय आहे — नाही. थांब. माहीत होतं. त्यानं 'चिठ्ठी' म्हटलं तेव्हाच समजलं. खिशावर हात गेला होता माहा.

पाच दिवस झाले, हा कागद या खिशातून त्या खिशात करून राहिलो. प्रयागच्या समोर ठेवला असता तं तिनं वाचला असता, अन् मंग तिनं विचारलं असतं, अंकुशचं काय झालं? म्हणून इतक्या दूर आलो. अर्ज कायचा अन् ग्राहक कोर्ट कायचं. मले एवढंच पाह्याचं होतं, पावती असू शकते का. असती ना पावती? असू शकत होती. पाच दिवस असू शकत होती.

— काय लिहून देते? अनंतले पत्र? लिही बरं. लिही — अंकुशचा कसूर नाही. त्यानं चिठ्ठी बांधली होती, चिठ्ठी माह्यापाशी आहे, चूक माही. लिहिलं? पुढं? पुढं काय, झालं. — काहून वाचली नाही म्हणून विचारन? विचारन तो, हो. — 'चष्मा नव्हता'? तुले चांगलं सुचते वं. अर्धा घंटा मीच तुले चष्म्याचं सांगून राहिलो ना. नाही. चष्मा नको घालू त्यात. चष्मा लिहिला का अंकुशच्या अंगावर थोडं राहूनच जाते. म्हणतील, म्हाताऱ्या माणसानं फोन उचलला नाही तं घरी जाऊन काहून नाही सांगितलं. अन् पत्र अनंत एकटाच वाचन, हसन नाहीतर रडन, टेबलाच्या खणात टाकन. ज्या आठ-दहा जणाइनं ऐकलं होतं सोमवारी, त्याइच्या कानात तं तेच राहीन. खामल्याचे गॅरेजवाले काय पत्र वाचाले येणार आहेत?

राहू दे. बंद कर ते. पत्र नको. दे तो पहिला अर्ज. छापून आला का? आला तं फाड. माह्यासमोर फाड, बारीक. चिठ्ठी नको फाडू, चिठ्ठी दे इकडे. ती तिथं दाखवावी लागन.

आज शनिवार ना? शनिवारी गर्दी राहते गॅरेजवर. चहावाला राहते. राहू दे. जिथं बोललो तिथंच बोलीन. अंकुशले पहिले घरून बोलावतो, त्याच्यासमोर बोलतो, तो नसला तं काय अर्थ आहे. तो आला नाही तं? नाही आला तं त्याच्या घरी बसून राहतो. फियाट पाहू मंग. फियाटचं काय, पत्राच आहे.

हे घे तुह्या मेहनतीचे. अर्ज नाही झाला तरी घे, टाइप तं केलं ना. घे म्हणतो ना, मले उधारी जमत नाही. अन् हर्षाएवढी असली तरी एक सांगतो, लोकाइले फार प्रश्न नको विचारत जाऊ. — नाही, रागावलो नाही. बोलणंच असं आहे माहं.

थांब, एक काम कर. ती समोर बस उभी आहे ना, त्या झाडामागं — तिच्या कपाळावर काय लिहून आहे? प्रताप नगरकडं जाते का? — काय? — इतकं हळू काहून बोलते? कान चांगले आहेत माहे, वाचता येत नाही मले. मोठ्यानं सांग. ऐकू दे त्या बोर्डवाल्याले पण.

खामला, प्रताप नगर. बरं. हाक मार त्या कंडक्टरले, निघून राहिली ती. अन् तू उठू नको, जाईन मी. बस तू. तुहं दुसरं गिऱ्हाईक केव्हाचं उभं आहे.